परवाना आणि हजेरी

माझ्याकडे दारू पिण्याचा आजन्म परवाना आहे. 'आहे' असंच म्हणतो, कारण दारू सुटली तरी परवाना रद्द करायचा राहून गेलाय. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात कागदोपत्री आजही बंदीच आहे. प्यायची तर परवाना काढायचा, आणि तो मिळतो कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी. त्या कागदानं राखलेल्या माझ्या प्रकृतीचे रिपोर्ट त्याच फाइलला लावलेले आहेत. बायको ती फाइल उघडली की आधी हसते, मग गप्प होते.

गंमत अशी, की इतक्या वर्षांत तो परवाना मला एकदाही कुणी विचारला नाही. इस्त्रीचा शर्ट, बाहेर उभी केलेली गाडी, बरं आडनाव. स्टेशन रोडवर कुठल्याही परमिट रूममध्ये बसायला एवढं पुरतं. रात्री गाडी अडवली तरी हवालदार म्हणायचा, "साहेब, सावकाश जावा." मला तेव्हा हे कौतुकच वाटायचं. आपलं कोल्हापूर, आपली माणसं.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा आठवतो, पैलवान आठवतात, चप्पल आठवते. लोखंड कुणाला आठवत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फाउंड्र्यांमधून निघणारं कास्टिंग देशभरच्या गाड्यांत आणि पंपांत बसतं. मी अशाच एका फाउंड्रीत हिशेब सांभाळत होतो. आमच्याकडे ऑर्डर मिळाली की बसायचं, ऑर्डर गेली तरी बसायचं. आषाढात गटारी आणि मार्चअखेरीला ताळेबंद जुळल्याचा आनंद. 'बसायचं का?' एवढ्या दोन शब्दांत सगळं यायचं, आणि नाही म्हणणारा माणूस जरा कमअस्सल ठरायचा.

घसरण सविस्तर सांगत नाही. सगळ्या दारूड्यांची ती जवळपास सारखीच असते, आणि सांगताना आपण नकळत रंगवतो. एकच सांगतो. एक दिवस बँकेतून फोन आला, की चेकवरची सही नमुन्याशी जुळत नाही. मी म्हटलं, सही माझीच आहे. खरंच होती. सकाळी अकराला केलेली, म्हणजे दिवसाचा पहिला घोट पोटात जायच्या आधीची.

मेव्हण्यानं साताऱ्याकडच्या एका केंद्रात नेऊन टाकलं. तिसऱ्या रात्री छतातून वाळू गळायला लागली. मोल्डिंगची काळी, ओलसर वाळू. मी खाटेवरून उठून ती झाडत होतो आणि दोन माणसं मला धरत होती. पुढं डॉक्टरांनी समजावलं. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून चालायला शिकतो. दारू एकदम थांबली की जोर तेवढा उरतो आणि अडवायला काही नसतं. मग थरथर, घाम, झटके, भास. वेळेवर गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळाली नाहीत तर माणूस जातोसुद्धा. 'मनावर घेतलं तर आजच्या आज सुटेल' असं पारावर बसून सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. रोजच्या पिणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता एका दिवसात थांबू नये, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

केंद्रात आणि एक गोष्ट झाली. मला 'पेशंट' म्हणायला लागले. आजारी माणूस! घरच्यांनाही ते पटलं. मामा भेटायला आले ते फळं घेऊन. ऑफिसनं रजा मंजूर केली, वैद्यकीय. त्या वेळी मला यात काहीच विशेष वाटलं नाही.

विशेष काय होतं ते कळलं कोल्हापुरात परतल्यावर, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जायला लागलो तेव्हा. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पट्टीचे पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. आमच्याकडे एक साधी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. नाव सांगायचं, आडनाव नाही. व्यापारी, ड्रायव्हर, निवृत्त मास्तर, एक माजी पैलवान, सगळे एका ओळीत.

तिथं एका संध्याकाळी आप्पा आले. साठीच्या आसपासचे, अंगावर मळकट जॅकेट. दारातच उभे राहिले. कुणीतरी "या, बसा" म्हणालं तर त्यांनी मागं वळून बघितलं, आपल्यामागून कोण आलंय ते. त्यांनी नावच सांगितलं, आडनाव नाही, नियमाप्रमाणे. पण बोलण्याच्या हेलावरून खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं, की माणूस फासेपारधी आहे. आडनाव लपवायचा नियम आडनाव चांगलं असणाऱ्यांच्या सोयीचा असतो, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

आप्पांची दारू सुटली ती कोठडीत. गावात चोरी झाली, पालावरची माणसं उचलली, त्यात आप्पाही. चोरीशी काही संबंध नव्हता. पुढं सोडूनही दिलं. पण दुसऱ्या रात्री झटके आले. ड्युटीवरच्याला वाटलं, सोंग करतोय. सकाळी दातात जीभ अडकून रक्त आलं तेव्हा दवाखान्यात हलवलं. तिथं केसपेपरवर काय लिहिलं होतं ते आप्पांना वाचता येत नाही, पण एक आवाज त्यांच्या कानात बसलाय: "यांच्यात सगळेच पितात."

मला वाळू दिसली तेव्हा दोन माणसं धरायला होती. आप्पांना काय दिसत होतं, ते त्यांनी गटात कधी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच: "तुमी प्यालासा की तुमचं डोस्कं फिरतं. आमी प्यालो की आमची जात दिसती."

खोलीत कुणी काही बोललं नाही. पण मीटिंग संपल्यावर चपला घालताना आमच्यातले एक सुशिक्षित गृहस्थ, मनानं चांगले, हळूच म्हणाले, "तसं त्यांच्यात असतंच म्हणा ते. परंपराच आहे." पंधरा वर्षं घरातल्या देवघराच्या मागं चपटी लपवणारा हा माणूस. त्यांच्या स्वतःच्या घरात कसली परंपरा होती, ते मी विचारलं नाही.

पण ते वाक्य डोक्यात राहिलं. हिशेबाचा माणूस असल्यामुळे मला नोंदी उलट तपासायची खोड आहे. म्हटलं, ही परंपरा कुणाच्या खात्यावर पडते ते बघू.

मोहाची दारू देवाला दाखवून सणात घ्यायची, ही चाल आदिवासींत होती, यात वाद नाही. पण घरच्या सणातलं पेय गुत्त्यावरच्या उधारीचं कसं झालं? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावचं घरगुती गाळणं मोडून काढलं आणि विक्री मक्तेदारांच्या हातात दिली. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. स्वतःच्या दारातल्या झाडाखाली पडलेलं फूल साठवणं हा गुन्हा! तेच फूल गाळून मक्तेदार विकणार, आणि अबकारी महसूल सरकारच्या तिजोरीत. अनेक ठिकाणी दारूचा मक्तेदारच सावकार आणि तोच जमीनदार. मजुरी, दारू आणि कर्ज एकाच वहीत. असली वही कशी चालते, ते हिशेबनिसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि ती वही फाडायला बाहेरून कुणी सुधारक यावा लागला नाही, ही गोष्ट शाळेत आम्हाला कुणी शिकवलीच नाही. १९२२ च्या सुमाराला पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीचं वारं सुरू झालं आणि ते डोंगराकडं, पुढं सुरत जिल्ह्याच्या आदिवासी गावांत शिरलं. ज्याच्या अंगात येई, त्याच्या तोंडून देवी सलाबाई सांगायची: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या पारशी मालकाकडं कामाला जाऊ नका. गावंच्या गावं सुटली. पुढं काही पुन्हा प्यायला लागले, काही राहिले. राहिलेल्यांना वरजेला म्हणायचे आणि परतलेल्यांना सरजेला. आमच्या गटातही हेच दोन पंथ आहेत, फक्त त्यांना अशी छान नावं नाहीत.

मग १९३७-३८ मध्ये खानदेशात तळोद्याकडं गुलाम महाराज. भिल्लांच्या हजारोंच्या आरत्या, दारू सोडायची आणि एकमेकांना 'आप की जय' म्हणायचं. ज्यांना आयुष्यभर 'ए' ऐकायची सवय, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं ठरवलं! मला यातलं धोरण फार आवडतं. दारू सोडायची तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. त्याच मुलखात पुढं अंबरसिंग महाराज झाले, भजनं म्हणणारे आणि जमिनीसाठी लढणारे. १९७२-७३ च्या दुष्काळात शहाद्याला श्रमिक संघटनेच्या लढ्यात भिल्ल बाया गावोगाव गुत्त्यांवर चालून गेल्या आणि दारूची मडकी फोडली. नवरे मारतात म्हणून आल्या होत्या, मजुरीचं बोलायला लागल्या.

त्याच सुमाराची एक गोष्ट केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी सांगितली होती. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये अल्कली लेक नावाची आदिवासी वस्ती. जवळपास सगळं गाव पिणारं. १९७२ साली फिलिस चेल्सी नावाच्या बाईची लेक आजीच्या घरून परत यायला तयार होईना, कारण घरी आईबाप पिऊन असत. फिलिसनं त्या दिवसापासून सोडली. मागोमाग नवरा अँडी, जो पुढं वस्तीचा प्रमुख झाला. सुरुवातीला गावात न पिणारे हे दोघंच. मग सरकारी मदतीचे पैसे रोख न देता दुकानाच्या चिठ्ठ्या द्यायला लागले, चोरून दारू विकणाऱ्यांना उघडं पाडलं, आणि दहाएक वर्षांत बहुतेक गाव दारूतून बाहेर आलं. पण दारू उतरल्यावर लोकांना आठवायला लागलं ते वेगळंच. आपली मुलं मिशनच्या निवासी शाळेत ओढून नेली होती, भाषा बोलली म्हणून मारलं होतं, त्याहून वाईटही केलं होतं. त्याच सेंट जोसेफ मिशनच्या आवारात २०२२ साली ९३ संभाव्य दफनजागा सापडल्याचं जाहीर झालं. दारू त्या आठवणींवर घातलेलं झाकण होतं.

मी हे आप्पांना सांगितलं, चहाच्या गाड्यावर. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यास्नी हजेरी हुती का?"

हजेरी म्हणजे काय ते माझ्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे, कोण जाणे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांनी पोलिसाकडं किंवा पाटलाकडं हजर व्हायचं, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच केली होती. त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी सोनतळीच्या कॅम्पवर जवळ केलं, पहाऱ्याची कामं दिली. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांनाच पहाऱ्यावर बसवायचं, हे त्या काळातल्या एका राजाला सुचलं. ब्रिटिश मुलखात आणि नंतर स्वतंत्र भारतात कायदा रद्द व्हायला १९५२ चा ३१ ऑगस्ट उजाडला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. आणि सराईत गुन्हेगारांचे कायदे लगेच दाराशी उभे होतेच. तुरुंगांच्या नियमावल्यांमधून तो जन्मजात गुन्हेगारीचा वास अलीकडेपर्यंत गेला नव्हता. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तसली कलमं घटनाबाह्य ठरवली.

आप्पांना यातले सन माहीत नाहीत. महाराज माहीत आहेत. दसरा चौकातून जाताना पुतळ्याला हात जोडतात आणि म्हणतात, "म्हाराजांनी हजेरी काढली, ह्यांनी परत लावली." 'ह्यांनी' म्हणजे कोण, ते मी विचारत नाही. परिसरात चोरी झाली की पालावर जीप येते, एवढा अर्थ मला कळतो.

तर आप्पांची दारू सुटली आणि त्यांना अडचणी दिसायला लागल्या. सगळ्यांना दिसतात. मला बँकेचे हप्ते दिसले होते. त्यांना नातीच्या शाळेचा दाखला दिसला, रेशनकार्ड दिसलं, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी नसलेला जातीचा दाखला. "तुमी हिशेबातलं मानूस. कागुद बगा जरा." असा मी या कामात पडलो. समाजसेवा वगैरे माझ्या डोक्यात नव्हती. संध्याकाळ रिकामी होती आणि रिकाम्या संध्याकाळी मला भीती वाटायची.

कागद बघितले. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, तर राजपारधी, गावपारधी विमुक्त जातींत. अनुसूचित जमातीचा दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. विमुक्तांसाठी तारीख २१ नोव्हेंबर १९६१. सेतूतला मुलगा विचारतो, "कुठले पारधी?" आणि पुढं, "आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे का?" आप्पांचे आजोबा शाळेत गेले असते तर आप्पा त्याच्यासमोर असे उभे असते का? शाळा नाही, सातबारा नाही, जन्माची नोंद पालावर कोण करणार. फिरत्या माणसाकडं एका जागी राहिल्याचा पुरावा मागायचा! त्यांच्या आजोबांचं नाव जुन्या सरकारी कागदात सापडायची शक्यता मला एकाच जागी दिसते, पोलिसांच्या जुन्या रजिस्टरात. म्हणजे ज्या नोंदीनं आयुष्य नासवलं, तीच आता नातीच्या शिष्यवृत्तीसाठी धुंडाळायची.

हे चालू असताना मी प्यायलो नाही, याचं श्रेय गटाला आहे, डॉक्टरांना आहे आणि प्रांत कार्यालयातल्या बाकड्यालाही आहे. त्या बाकड्यावर बसून माणसाला इतका राग येतो, की दारूची आठवण व्हायला जागाच उरत नाही.

दारूबंदीबद्दल मला लोक विचारतात. सुटलेला माणूस बंदीचा झेंडा घेऊनच फिरणार, असं गृहीत असतं. आपल्याकडं गावात दुकान बंद करायला महिलांचं मतदान होतं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. बायांनी हे कोल्हापूर जिल्ह्यातही करून दाखवलंय आणि त्यांच्या हिमतीपुढं माझी काय बिशाद. पण दुकान बंद झालं की पिणारा हातभट्टीकडं वळतो. हातभट्टीला लागतो काळा गूळ आणि नवसागर. गुळाला आमच्या मानांकन आहे, मार्केट यार्डात सौदे निघतात, दिवाळीला मुहूर्ताचे भाव पेपरात येतात. त्यातला काळा, खराब गूळ कुठं जातो ते पेपरात येत नाही. गूळ आमचा, भट्टी त्यांची. छाप्याचा फोटो भट्टीचा येतो, फुटलेले डबे आणि त्यामागं पदर तोंडावर घेतलेली बाई. गुळाच्या ढेपेचा मालक त्या फोटोत नसतो.

आप्पांच्या पालावर एक म्हातारी अशी भट्टी लावायची. तिला मी 'सोड' म्हणालो नाही. म्हणणार कुठल्या तोंडानं? तिनं विचारलं असतं, मग काय विकू? आप्पा मात्र तिच्या दारात जाऊन रोज बसायला लागले, सकाळी गिऱ्हाईक यायच्या वेळी. काही बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. गिऱ्हाईक बिचकायचं. ती शिव्या द्यायची, त्यांच्या भाषेत, गुजरातीसारख्या लयीत, मला निम्म्या कळायच्या. शेवटी तिनं त्यांना चहा द्यायला सुरुवात केली. भट्टी थांबलेली नाही, पण आठवड्यातले काही दिवस ती आता भाजी घेऊन बाजारात बसते. याला यश म्हणायचं का, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दाखल्याचं प्रकरण सध्या इथवर आलंय, की कागद नसल्यामुळे प्रत्यक्ष जागेवर चौकशी करायची ठरली. मंडल अधिकारी पालावर येणार, म्हाताऱ्या माणसांशी बोलणार, चालीरीती, देव, भाषा विचारणार. आप्पांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. जीप दिसली की अख्खं पाल उसात पळतं. अधिकारी बोलणार कुणाशी? मी साहेबांना जाऊन भेटलो आणि जीप आणू नका म्हणून विनंती केली. साहेब चमत्कारिक नजरेनं बघत राहिले, मग कारण कळलं तसे जरा ओशाळले. पुढच्या मंगळवारी माझ्या स्कूटरवर मागं बसून यायला तयार झालेत. हेल्मेट मात्र स्वतःचं आणणार म्हणाले.